दरम्यान ती कुठे राहिली? रखमाबाईंच्या खटल्याचा अभ्यास

बालविवाहाच्या प्रकरणांत विधी सेवेचं काम करताना मुलीच्या तोंडून पहिला प्रश्न कायद्याचा येत नाही. लग्न रद्द होईल का, नवऱ्यावर गुन्हा लागेल का, हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "आज रात्री मी कुठं राहू?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढची कलमं तिच्या कामाची नसतात. ती त्याच संध्याकाळी परत जाते आणि आपली फाइल तिथेच थांबते.

हे समजावून सांगायला मी एक जुनं प्रकरण वापरते. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, मुंबई उच्च न्यायालय, 1884 ते 1888. मराठी वाचकाला नाव माहीत असतं. पहिल्या काही भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, टिळकांनी विरोध केला, मग संमतीवयाचा कायदा आला, एवढी कथाही ठाऊक असते. पण हे कागद एखाद्या चालू प्रकरणासारखे वाचले तर त्यात वेगळंच काही सापडतं. तसं वाचायचा हा प्रयत्न आहे.

आधी घर. आई जयंतीबाई. त्यांचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी मूल झालं आणि सतराव्या वर्षी वैधव्य आलं. ते मूल म्हणजे रखमाबाई, जन्म 22 नोव्हेंबर 1864. वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा ती जेमतेम अडीच वर्षांची होती. पुढे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली, तेव्हाच्या आठ संस्थापकांत जे दोन भारतीय होते त्यांतले ते एक. जयंतीबाईंनी पुनर्विवाह करताना पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावावर केली होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या भांडणाच्या तळाशी ती आहे, असं रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं होतं.

लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि दादाजी एकोणीस-वीसचे. दादाजी सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले, परिस्थितीने गरीब. त्यांनी सासरी राहायचं, शिकायचं आणि 'चांगला माणूस' व्हायचं, असं ठरलं होतं. घरजावई म्हणा हवं तर. मुलीची शाळा मात्र लग्नाबरोबर सुटली.

पुढे काही महिन्यांत मुलगी वयात आली. रूढीप्रमाणे गर्भाधान, म्हणजे नवराबायकोचा पहिला शरीरसंबंध, व्हायला हवं होतं. सखाराम अर्जुन यांनी ते होऊ दिलं नाही. या प्रकरणात निर्णायक ठरलेली पहिली कृती ही आहे, आणि ती कोणत्याही न्यायालयाने केलेली नाही. एका सावत्र बापाने, डॉक्टर असल्यामुळे काय होईल हे नीट ठाऊक असलेल्या माणसाने, आपल्या घरात 'नाही' म्हटलं. त्या वेळच्या भारतीय दंड विधानात शरीरसंबंधाला संमतीचं वय दहा होतं. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला कायदा काहीच देत नव्हता. तिला जे मिळालं ते घरातून मिळालं.

दादाजींचं शिक्षण काही झालं नाही. आई वारल्यावर ते मामांकडे, नारायण धुर्माजींकडे, राहायला गेले. त्या घरातलं वातावरण चांगलं नव्हतं. दादाजी दीर्घकाळ आजारी पडले, कर्ज झालं. इकडे रखमाबाई घरीच वाचत होत्या. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं येत. घरी येणाऱ्या सुधारकांच्या बोलण्यातून आणि आर्य महिला समाजाच्या बैठकांतून त्यांचं स्वतःचं मत तयार होत गेलं. दोघांमध्ये नवराबायको म्हणून एक दिवसाचंही सहजीवन नव्हतं. अशीच काही वर्षं गेली.

मार्च 1884 मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत पत्र पाठवलं: बायकोला माझ्याकडे पाठवा. नकार आल्यावर दावा दाखल झाला. दाव्याचं स्वरूप आजच्या भाषेत वैवाहिक संबंधांच्या पुनःस्थापनेचं. आपल्याकडे कोर्टाच्या आवारात त्याला सरळ 'नांदायला येण्याचा दावा' म्हणतात, आणि तो शब्द जास्त खरा आहे.

रखमाबाईंचं लेखी म्हणणं मी दर वेळी हळू वाचायला सांगते. त्यात तीन कारणं आहेत. एक, राहायला योग्य जागा आणि पोटाला अन्न देण्याची दादाजींची ऐपत नाही. दोन, त्यांची प्रकृती. तीन, ज्यांच्या आश्रयाने ते राहतात त्या माणसाचं चारित्र्य. आज जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कार्यकर्ता सामाजिक तपासणी अहवाल लिहायला गेला तर घर, उत्पन्न, आजार आणि घरातली माणसं हेच रकाने भरतो. विशीच्या आतबाहेरच्या त्या बाईने आपली बाजू मांडताना हेच सांगितलं: ज्या घरात मला पाठवताय ते घर आधी बघा.

मग एप्रिल 1885 मध्ये सखाराम अर्जुन वारले. दावा चालू, सुनावणी पुढे आणि आधारस्तंभ गेलेला. आज माझ्यासमोरच्या प्रकरणात असं घडलं तर मी त्या क्षणी हे प्रकरण उच्च जोखमीचं म्हणून वेगळं काढीन. बहुतेक मुली इथेच हरतात. रखमाबाई हरल्या नाहीत, कारण आई आणि आजोळ पाठीशी राहिलं, घर राहिलं आणि त्यांच्या नावावर थोडी मालमत्ता होती.

त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या सहीने दोन पत्रं छापून आली. जूनमधलं बालविवाहावर, सप्टेंबरमधलं सक्तीच्या वैधव्यावर. लिहिणारी कोण हे नंतर उघड झालं. सुधारक पत्रकार बेहरामजी मलबारींनी याच विषयावर 1884 मध्ये आपली टिपणं प्रसिद्ध केली होती, त्यामुळे वाद पेटलेला होताच. पण पुरुष सुधारक बोलत असताना, जिच्यावर वेळ आली होती ती स्वतः लिहू लागली, हे नवीन होतं.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अकरा वर्षांपूर्वी, मुलगी अकरा वर्षांची असताना धार्मिक विधी झाला, दोघं कधी एकत्र राहिले नाहीत, आणि आता (निकालातल्या हिशेबाने) बावीस वर्षांच्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध त्या पुरुषाच्या घरी पाठवायचं, ही गोष्ट त्यांना रानटी, क्रूर आणि किळसवाणी वाटली. घोडा किंवा बैल परत मिळवावा तसा दादाजींनी तिचा देह मिळवायचा प्रयत्न करायला नको होता, असंही ते म्हणाले. त्यांचा कायदेशीर मुद्दा होता की असा दावा हिंदू धर्मशास्त्रात कुठेच नाही, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आला आहे. आणि तिथेही आधी एकत्र राहून मग वेगळे झालेल्यांसाठी तो होता, कधीच एकत्र न राहिलेल्यांसाठी नव्हता.

इथे एक तारीख शेजारी ठेवून पाहावी. इंग्लंडमध्ये असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद 1884 च्या कायद्याने काढून टाकली. म्हणजे ज्या वर्षी दादाजींच्या वकिलांचं पत्र रखमाबाईंच्या घरी पोहोचलं, त्याच वर्षी ज्या देशातून हा दावा आला होता तिथला तुरुंग बंद झाला. मुंबईत मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेत तो शाबूत होता.

अपिलात चित्र उलटलं. 2 एप्रिल 1886 रोजी मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल रद्द केला. विवाहविधी झाला की हिंदू विवाह पूर्ण, सहवास झाला की नाही याने फरक पडत नाही, म्हणून दावा चालू शकतो, आणि बाकीच्या मुद्द्यांसाठी प्रकरण पुन्हा खाली. कायद्याच्या त्या वेळच्या वाचनात हा निकाल चूक होता असं मला म्हणता येत नाही, आणि तेच जास्त बोचतं. लग्नाला संमती होती का, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हता. हिंदू विवाह संस्कार, संमती मुलीच्या पालकांची, आणि मूल म्हणून तिला विचारायची जागा कुठेच नाही.

4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: एका महिन्यात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

यानंतरचं वादळ अनेकांनी लिहिलं आहे, म्हणून थोडक्यात. टिळकांनी 'मराठा'तून रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली, धर्म आणि परक्या सरकारचा हस्तक्षेप हा त्यांचा मुद्दा. दुसरीकडे बचाव समिती उभी राहिली, मलबारी होते, कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची होत्या. पत्रं विलायतेतल्या वर्तमानपत्रांपर्यंत गेली. टिळकांची भूमिका त्या काळाच्या संदर्भात समजून घ्यावी असं सांगणारे भेटतात. समजून घेता येते. पण त्या संदर्भात रखमाबाईही होत्या, आणि त्याच काळात राहून त्यांना दुसरं काही दिसत होतं.

जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींनी 2,000 रुपये घेतले आणि हुकूम बजावून घेणार नाही असं कबूल केलं. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं.

आता या तडजोडीकडे वकिलाच्या नजरेने बघू. तिला काय मिळालं? तुरुंग टळला, सक्तीचं नांदणं टळलं. काय नाही मिळालं? लग्न मोडलं नाही. हिंदू स्त्रीला कायद्याने दिलेला घटस्फोटाचा मार्ग तेव्हा नव्हताच. मुंबई प्रांतात तो 1947 च्या कायद्याने आला. म्हणजे कागदोपत्री रखमाबाई दादाजींच्या पत्नीच राहिल्या. 1889 मध्ये त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकायला गेल्या, 1894 मध्ये ब्रसेल्सची एम.डी. घेतली, 1895 मध्ये सुरतेच्या रुग्णालयात रुजू झाल्या, पुढे राजकोटला काम केलं. 1904 मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्या विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या असं नोंदलेलं आहे. त्यांनी ते का केलं यावर तर्क करायचा मला मोह होतो, पण करत नाही. एवढंच म्हणते की वीस वर्षांपूर्वी ज्याच्या घरी जायला त्या तुरुंगाच्या बदल्यातही तयार नव्हत्या, त्याच्याशी असलेलं नातं कोणत्याही न्यायालयाने पुसून दिलेलं नव्हतं.

या खटल्याने जी चर्चा उठवली ती 1891 च्या संमतीवयाच्या कायद्यापर्यंत गेली. तात्कालिक कारण कलकत्त्यातल्या फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा मृत्यू. वय दहावरून बारा झालं. लग्नाचं वय नव्हे, फक्त शरीरसंबंधाचं. लग्नाच्या वयाला हात लागला 1929 च्या सारडा कायद्यात: मुलगी चौदा, मुलगा अठरा. मुलीचं वय 1949 मध्ये पंधरा झालं. 1978 मध्ये अठरा आणि एकवीस. नांदायला न गेलेल्या बाईचा तुरुंग 1923 च्या दुरुस्तीने गेला. दावा गेला नाही. तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही आहे. 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता प्रकरणात तो घटनाबाह्य ठरवला, पण पुढच्याच वर्षी सरोज राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आता हुकूम पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, शरीरावर नाही.

मग आज तशीच मुलगी आली तर? समजा सोळा वर्षांची आहे, लग्न झालंय, पण सासरी अजून पाठवलेली नाही. मराठवाड्यात हे काल्पनिक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयोगटातल्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या, आणि बीड व परभणीत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर होतं. ऊसतोडीला निघायच्या आधी मुलीला कुठे ठेवायचं, हा तिथल्या आईबापांचा प्रश्न आहे. फडावर नेली तरी भीती, गावात एकटी ठेवली तरी भीती. त्यात नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि कोयत्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. त्या आईबापांना नुसतं दोषी ठरवून मला कधी काही साधता आलेलं नाही. त्यांचाही प्रश्न शेवटी 'कुठं ठेवू' हाच असतो.

बालविवाह प्रतिबंधक कायदा, 2006 च्या कलम 3 प्रमाणे हे लग्न मुलीच्या अर्जावर रद्दबातल होऊ शकतं. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असेल तर पालक किंवा वादमित्राने (तिच्या वतीने दावा चालवणाऱ्या सज्ञान व्यक्तीने), बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला बरोबर घेऊन करायचा. आपल्या खेड्यांत हा अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे वीस पूर्ण व्हायच्या आत, अर्ज झाला पाहिजे. ही मुदत मुलींना ठाऊक नसते. काही वकिलांनाही नसते, आणि मग ते सरळ घटस्फोटाचा अर्ज लावतात. रखमाबाईंना जी गोष्ट कोणत्याच किमतीला मिळाली नव्हती, ती आज वीस वर्षांच्या आत एका अर्जावर मिळू शकते, आणि आपण ती हातची घालवतो.

लग्न अजून लागायचं असेल तर वेगळा रस्ता. कलम 13 खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून केलेलं लग्न मुळातच शून्य. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनाच प्रतिबंधक अधिकारी मानलं आहे, कायद्यात सणाचं नाव घालून. 1098 या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर कोणीही, अगदी वर्गातली मैत्रीणही, फोन करू शकते.

आणि राहण्याचं काय? बाल न्याय कायदा, 2015 मध्ये, जिचं लग्न वयाआधी होण्याचा धोका आहे अशी मुलगी 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे. तिला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बालकल्याण समितीसमोर आणायचं. समिती तिला बालगृहात ठेवू शकते, योग्य नातेवाइकाकडे देऊ शकते, हमी घेऊन आईबापांकडेही पाठवू शकते. इथे घाई होते. आईबाप रडतात, लिहून देतात, मुलगी त्याच दिवशी घरी जाते आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात लग्न लागतं. ते घर आधी बघा, हे रखमाबाईंच्या लेखी म्हणण्याचं सार मला अशा वेळी आठवतं. सामाजिक तपासणी अहवाल येण्याआधी मुलगी परत देऊ नये, यासाठी समितीसमोर भांडावं लागलं तर भांडावं. बालगृहच हवं असं नाही. मावशी, आजी, शाळेचं हंगामी वसतिगृह, काहीही चालेल, पण जिथे तिला नको असलेलं लग्न तिची वाट पाहत बसलेलं नाही अशी जागा. पात्र असेल तर बाल संगोपन योजनेचे महिन्याला 2,250 रुपये तिच्या सांभाळासाठी मिळू शकतात. अर्ज लवकर करावा, मंजुरीला वेळ लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2024 च्या निकालात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला दुसरी कामं देऊ नयेत, हे काम स्वतंत्र हवं, अशा आशयाचे निर्देश दिले. ग्रामसेवकाला त्याच गावात त्याच माणसांकडून घरपट्टी वसूल करायची असते, त्यांच्याबरोबर ग्रामसभा घ्यायची असते, आणि त्यांच्याच घरचं लग्न थांबवायचं असतं. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तो एकटा पडू नये म्हणून अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील यांची नावं अर्जाबरोबर साक्षीदार म्हणून आधीच लिहून ठेवावीत.

बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम 4 मध्ये एक उपकलम आहे, चौथं. लग्न रद्द करताना मुलीच्या पोटगीबरोबरच, ती पुन्हा लग्न करेपर्यंत तिच्या राहण्याबाबतही योग्य आदेश न्यायालय देऊ शकतं. मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांत ही मागणी नसते. टंकलेखकाकडे जुना नमुना असतो आणि तो तसाच चालतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तेव्हा फीचं कारण नाही. अर्जाच्या विनंतीच्या परिच्छेदात लग्न रद्द करण्याची मागणी पहिली असते, ती राहू द्या. तिच्या खाली लगेच, पोटगीच्याही आधी, दुसऱ्या क्रमांकावर लिहा: निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतर अर्जदार मुलगी कुठे राहील, याबाबत आदेश व्हावा.